म्या म्हणजे कोण?

आमच्या नुंगंबाक्कमच्या ऑफिसात कँटीनची खिडकी आणि टी. आर. सखाराम राव यांची खुर्ची एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर होत्या. तरीही रावजी स्वतः चालत खिडकीपाशी गेले आणि कॉफी घेऊन आले, असं पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. कॉफीची वेळ झाली की ते हाताची घडी घालत, चष्मा कपाळावर चढवत आणि छताकडे बघत बसत. हाक मारत नसत, खुणावत नसत. नुसते बसत. पण असे काही बसत, की आजूबाजूच्या कुणाला तरी काम सुचेनासं होई आणि तो मुकाट्याने उठून कॉफी आणून ठेवी. मग रावजी दचकल्यासारखं करत आणि म्हणत, "अरे, आणलास? सरि, सरि." सरि म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. रावजींच्या तोंडी त्याचा अर्थ 'उशीर केलास' असा होता.

पाणी, पेन, चार्जर, मीटिंगची खोली, पगारवाढ, सगळ्याच बाबतीत त्यांची हीच रीत होती. "मागायचं नाही. मिळायचं," असं ते म्हणत. त्यातली पगारवाढ तेवढी मिळायची राहून गेली होती, कारण ती देणाऱ्या साहेबांना छताकडे बघत बसणारी माणसं दिसत नाहीत.

रावजी तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज म्हणे तलवार घेऊन दक्षिणेत उतरले. रावजींचा एकूण झोक पाहता तलवार दुसऱ्या कुणी तरी धरली असावी आणि ह्यांच्या पूर्वजांनी ती आणून मिळण्याची वाट पाहिली असावी. घरी ते तमिळ बोलत, गिऱ्हाइकांशी इंग्रजी, आणि मराठी त्यांनी खास आमची खरडपट्टी काढायला राखून ठेवली होती. 'आम्ही' म्हणजे मी, सांगलीचा, टेस्टिंगमध्ये. आणि अनुपमा पाटील, इचलकरंजीची, रावजींच्या शेजारच्या टेबलावर बसून प्रोग्राम लिहिणारी. सगळ्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही तिघंच, आणि आमच्यातल्या दोघांना मराठी येत नाही असं तिसऱ्याचं ठाम मत.

ह्या मताचा पहिला तडाखा अनुपमाला बसला. नवी होती तेव्हा एकदा ती सहज म्हणाली, "सर, ते मी केलं."

रावजींनी खुर्ची वळवली. "मी केलं? मी कसं करेल, पोरी? 'मी' तो बसलेला. मी अस्तो, मी जातो, मी येतो. केलं म्हटलास तर 'म्या' पाहिजे. म्या केलं. म्या दिलं. म्या सांगितलं. तुम्ही लोकांनी पुण्याकडे काय ती भाषा करून ठेवलीस!"

"मी इचलकरंजीची आहे, सर."

"तेच ते. पुण्याकडेच."

त्यांच्या दृष्टीने कृष्णेच्या वर सगळं पुणंच होतं. पण 'म्या'चा मुद्दा व्याकरणात चोख होता, हे मी नंतर एका शिक्षक नातेवाइकाकडून खात्री करून घेतलं. जुन्या मराठीत करणारा तो 'म्या'. आपण तो टाकून दिला, तंजावरने जपून ठेवला. रावजींनी तर इतका जपला की दिवसभर दुसरं काही तोंडात येतच नसे. ही सिस्टिम म्या बांधली. तो घोळ म्या निस्तरला. क्लायंटला म्या समजावलं. आम्ही दोघं त्यांच्या माघारी त्यांना 'म्यासाहेब' म्हणू लागलो. त्यांचा 'म्या' चुकीच्या कामाला लागलेला मात्र कधी ऐकू आला नाही. चुका आपोआप होत, किंवा पुण्याकडच्यांकडून.

ही सिस्टिम काय होती ते सांगायला हवं. ओरगडमला ट्रकचा एक मोठा कारखाना आहे. तिथे पट्ट्यावर ट्रकचा सांगाडा पुढे सरकला की एक निरोप निघतो: ह्या ट्रकला अमुक सीट, अमुक रंगाची. तो निरोप रांगेत येऊन उभा राहतो. आमचा जावा प्रोग्राम रांगेच्या तोंडाशी बसलेला, निरोप आला की उचलायचा, वाचायचा आणि सीटवाल्याकडे धाडायचा. सोपं काम. पण ते करायला एका प्रोग्रामला दुसऱ्या दहा वस्तूंची गरज लागते, आणि त्या कुणी आणायच्या, ह्यावरच रावजींचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं.

"पंक्तीत बसलास तर उठून भात आणतोस का?" ते विचारत. "नाही. वाढणारा वाढतो. तसं कंटेनर, प्रोग्रामचा वाढपी. तू फक्त पान मांडून बस. काय पाहिजे ते लिही. तो आणून वाढेल. हेच डिपेंडन्सी इन्जेक्शन."

एवढं सांगून झालं की ते स्वतः पान मांडून बसल्यासारखे हाताची घडी घालत, आणि कुणीतरी कॉफी आणायला उठे. संगणकशास्त्राचं एक तत्त्व एखाद्याच्या अंगी इतकं भिनलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पण कधीकधी पान रिकामं राही. प्रोग्राम हात घालायला जाई आणि तिथे काहीच नसे. मग तो लाल अक्षरांत आकांत करी. असं झालं की सगळे रावजींकडे धावत. रावजी कीबोर्डला हात लावत नसत. आमच्या पाठीमागे उभे राहून "खाली... खाली... अजून खाली... वर" एवढंच म्हणत, आणि शेवटी त्यांचा ठरलेला प्रश्न येई:

"ह्याला जल्म कोणी दिला?"

आणि दर वेळी दुखणं तिथेच सापडे. कंटेनर वाढतो ते फक्त त्याने स्वतः जन्माला घातलेल्यांना. कुणी घाईघाईत आपल्याच हाताने 'न्यू' असा शब्द लिहून एखादी वस्तू बनवली की ती मागच्या दाराने पंगतीत येऊन बसते. वाढप्याच्या लेखी ती नसतेच. तिचं पान रिकामंच राहतं. "न्यू लिहिणारा म्हणजे पोराला जल्म देऊन रस्त्यात सोडणारा," असं रावजी सर्वांदेखत म्हणत, आणि ज्याने ते लिहिलेलं असे तो दिवसभर मान खाली घालून फिरे. एका मुलाने तर ह्या बोलण्यापायी टीम बदलून घेतली. रावजींना त्याचं काही वाटलं नाही. "गेला? सरि."

स्वतःच्या तत्त्वाचा त्यांना स्वतःलाच एकदा प्रसाद मिळाला, तो प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. टीमचं जेवण होतं. ऑफिसजवळच्या केळीच्या पानावर जेवण वाढणाऱ्या हॉटेलात आम्ही गेलो. आमच्या टेबलावर गर्दी झाली म्हणून रावजी ऐटीत शेजारच्या मोकळ्या टेबलावर जाऊन बसले. त्या टेबलाचा एक पाय मोडका होता, त्यामुळे वाढप्याने ते बाद करून टाकलं होतं. रावजींनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातलं पान... नाही, ते पानसुद्धा अनुपमानेच आणून मांडलं. वाढपी आला, आम्हाला सांबार वाढून गेला. रसम वाढून गेला. पोरियल, अप्पळम, पायसम. रावजींच्या टेबलावरून त्याची नजर अशी फिरे जणू तिथे भिंतच आहे.

"सर, हाक मारा ना त्याला," मी म्हणालो.

"का म्हणून? त्याचं काम ते."

"मी मारू का?"

"उगं बस. बघू या कधी येतो."

तो आला नाही. आम्ही ताक पिऊन हात धुतले तरी रावजींचं पान कोरंच होतं. उठताना ते त्या पानाची घडी घालून म्हणाले, "कंटेनरची चूक." आणि उपाशी पोटी ऑफिसला आले. मला हसू आवरत नव्हतं. अनुपमाने मात्र कँटीनमधून दहीभात आणून त्यांच्या टेबलावर ठेवला. तेव्हा तिचा मला रागच आला होता. अशाने हा माणूस कधी सुधारायचा?

अनुपमाचं त्या वर्षी टीम लीडच्या जागेसाठी नाव गेलं होतं. काम ती आधीपासूनच करत होती. नावापुढे पद लागायचं तेवढं बाकी होतं. आमचा मॅनेजर सुंदरेशन गोड बोलून गळा कापणारा. तो तिला म्हणाला होता, "ह्या तिमाहीत ओरगडमवाल्यांची एकही तक्रार येता कामा नये. आली, तर मला तुझं नाव पुढे रेटता येणार नाही." म्हणून ती प्रत्येक बदल तीनतीनदा तपासून मगच पुढे सोडत असे.

फक्त एका फाइलला ती हात लावत नसे. कुणीच लावत नसे. रांगेतून निरोप उचलणारा मूळ भाग रावजींनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिला होता, कीबोर्ड पुढ्यात कुणी आणून ठेवला होता कोण जाणे. त्याच्या माथ्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: कुणीही स्पर्श करू नये. खाली दोन अक्षरं, रावजींची सही. आम्ही त्या फाइलला गाभारा म्हणत असू.

आणि मग एका सकाळी ओरगडमला सीट यायच्या थांबल्या. ट्रक थांबले नव्हते. पट्टा चालूच होता. ट्रक बनत होते, इंजिन सुरू होत होतं, दिवे लागत होते, फक्त ड्रायव्हरला बसायला जागा नव्हती. कारखान्याच्या सेल्वम साहेबांनी फोटो पाठवला: अंगणात बिनसीटच्या ट्रकांची रांग, आणि एक पट्ठ्या उलट्या क्रेटवर बसून त्यातला एक बाजूला घेतोय. फोटोखाली एकही शब्द नव्हता, त्यामुळे सुंदरेशन जास्तच घाबरला.

लाल अक्षरांवरून एवढं कळत होतं की निरोपाची छाननी करणाऱ्या प्रोग्रामच्या एका तुकड्याचं पान रिकामं आहे. निरोप उचलला जाई, तुकडा कोसळे, निरोप परत रांगेत जाई, पुन्हा उचलला जाई. त्या तुकड्यात आदल्या दिवशी बदल केला होता अनुपमाने. पूर्वी त्याला बाहेरचं काही लागत नसे. आता सीटची नवी यादी लागणार होती, म्हणून तिने रावजींच्याच शिकवणीप्रमाणे 'मला ती यादी हवी' असं लिहून पान मांडलं होतं. माझ्या टेस्टमध्ये सगळं पास झालं होतं, कारण टेस्टमध्ये ती यादी आम्हीच हाताने भरवतो. खऱ्या पंगतीत ती वाढलीच गेली नाही.

रावजी तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "खाली... खाली... वर. तुझं इन्जेक्ट चुकलं असेल."

"नाही चुकलं, सर."

"मग कंटेनरची फाइल राहिली असेल."

"आहे, सर. ही बघा."

"मग तुझं काही तरी चुकलं असेल," असं म्हणून ते जागेवर जाऊन बसले आणि छताकडे बघू लागले. त्या दिवशी कुणी कॉफी आणली नाही.

दुपारी जेवणाची वेळ टळून गेल्यावर अनुपमाने गाभारा उघडला. मी तिच्या शेजारीच होतो. ती बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिली, मग खुर्ची रावजींकडे वळवून अगदी शांतपणे म्हणाली, "सर, ह्याला जल्म कोणी दिला?"

रावजी उठून आले. कुणी न बोलावता उठून आलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. पडद्यावर त्यांच्या सहीच्या खाली, त्यांच्या हाताने लिहिलेली ओळ होती, आणि त्या ओळीत छाननीच्या तुकड्याच्या अलीकडे तीन अक्षरी इंग्रजी शब्द: न्यू. इतकी वर्षं ते पोर मागच्या दाराने येऊन पंगतीत बसत होतं. त्याला भूकच नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. अनुपमाने त्याला जेवायला सांगितलं, तेव्हा उघडं पडलं.

रावजी "खाली" म्हणाले नाहीत, "वर" म्हणाले नाहीत. चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाले, "थोडं पाणी मिळेल का?" मागितलं! मीच उठून आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि जागेवर जाऊन बसले.

अनुपमाने 'न्यू' खोडून तिथे रीतसर कंटेनरकडून मागणी घातली. एका ओळीचं काम. संध्याकाळपर्यंत सीट सुटल्या. पण तोवर सुंदरेशनने आपलं काम उरकून घेतलं होतं. सेल्वम साहेबांना त्याने कळवून टाकलं होतं की शेवटचा बदल अनुपमा पाटील यांचा, आणि दोष कुणाचा हे उद्याच्या कॉलवर पक्कं करू.

"रावजींनी त्याला सांगितलं का?" मी अनुपमाला विचारलं.

"ते कशाला सांगतील?" ती म्हणाली. "कुणीतरी येऊन त्यांच्या तोंडातून काढून घ्यायला हवं. माझी लीडची जागा जाईल आणि हे छताकडे बघत बसतील." तिचे डोळे भरून आले होते, रागाने. मलाही त्या माणसाची चीड आली होती. इतक्या पोरांना सर्वांदेखत सोलून काढलंस, आणि आता?

दुसऱ्या दिवशी कॉल. आम्ही चौघं एका खोलीत, सेल्वम साहेब ओरगडमहून स्पीकरवर. सुंदरेशनने लोण्यासारख्या इंग्रजीत प्रस्तावना केली. कुणाचं नाव घ्यायला आम्हाला दुःख होतं वगैरे. तेवढ्यात रावजी हलले. सुंदरेशनकडे नाही, स्पीकरकडे नाही, ते वळले अनुपमाकडे, आणि आमच्याच मराठीत, बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाले, "पोरी, तुझं काही चुकलं नाही. हे म्या केलं."

म्यासाहेबांचा 'म्या' इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चुकीच्या कामाला लागला होता.

स्पीकरमधून सेल्वम साहेबांचा आवाज आला, "हू इज म्या?"

सुंदरेशनने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"समबडी सेड म्या. म्या डिड इट. इज शी इन युवर टीम?"

सुंदरेशनचा चेहरा उजळला. त्याला मराठी ओ की ठो येत नव्हती, पण संधी त्याला कुठल्याही भाषेत कळे. "येस सर, सेम पर्सन," तो म्हणाला. "अनुपमा. शॉर्ट नेम. म्या."

"ओके. सो, म्या," सेल्वम साहेब म्हणाले. लिहून घेत असावेत.

मी रावजींकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं होतं. वाक्य आत तयार होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ते बाहेर आणून द्यायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी सुंदरेशनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग हाताची घडी घातली. नजर छताकडे निघाली. देवा, हा माणूस कबुलीसुद्धा आणून मिळायची वाट बघणार!

अनुपमाने स्पीकर स्वतःकडे ओढला. "सर, अनुपमा बोलतेय. मला कुणी म्या म्हणत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "म्या हे नाव नाही. जुन्या मराठीत म्या म्हणजे 'मी'. बोलले ते राव सर."

सुंदरेशन टेबलाकडे बघू लागला. सगळे रावजींच्या उत्तराची वाट बघत होते. रावजींनी घसा साफ केला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि स्पष्ट इंग्रजीत म्हणाले:

"ग्रॅमॅटिकली, शी इज करेक्ट."

एवढंच. माफी नाही, खुलासा नाही. अपराधाची कबुली व्याकरणाच्या दाखल्यात देणारा हा एकच माणूस मी पाहिला. पण दिली, हेही खरं. सेल्वम साहेब आधी खोकले, मग हसले, आणि मग त्यांनी दोषाच्या जागी नाव बदलून घेतलं. अनुपमाला लीडची जागा मिळाली. रावजींना 'सल्लागार' केलं, म्हणजे त्यांचा सल्ला घेणं बंद केलं. दोनेक महिन्यांनी त्यांनीच राजीनामा दिला. तो तेवढा त्यांनी स्वतः नेऊन दिला, म्हणतात. मी पाहिलं नाही.

तंजावरला कायमचे जायला निघाले तेव्हा आम्ही दोघं एग्मोर स्टेशनवर पोचवायला गेलो. सकाळची गाडी होती. बायको आधीच जाऊन घर लावत होती, म्हणजे तेही त्यांना लावून मिळणार होतं. सामान हमालाने चढवलं. रावजी फलाटावरच्या बाकावर बसले, हाताची घडी घातली, चष्मा कपाळावर नेला आणि छपराकडे पाहू लागले. कॉफीचा स्टॉल समोरच होता.

सवयीने मी उठायला लागलो. अनुपमाने माझी बाही धरून मला खाली बसवलं. स्वतःही उठली नाही. तिघंही छपराकडे बघत बसलो. गाडीची वेळ होत आली. लोक चढू लागले.

रावजी उठले. धोतर सावरत गर्दीत शिरले. स्टॉलपाशी रांग कुठे सुरू होते हे त्यांना कळेना. दोनदा मध्येच घुसले, दोनदा लोकांनी त्यांना मागे घातलं. मग ते शेवटी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा हातात एकच कागदी पेला होता, काठोकाठ, आणि त्यातली थोडी कॉफी बोटांवर सांडत होती. त्यांनी तो अनुपमापुढे धरला.

"घे. ही म्या आणली."

अनुपमा कॉफी पीत नाही. तिला त्याने पित्त होतं. चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसून तिने ऑफिसात कायम चहाच घेतला. रावजींच्या ते कधी लक्षात आलं नव्हतं, त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. तिने पेला दोन्ही हातांत घेतला.

"उशीर झाला, सर," ती म्हणाली.

"सरि," म्हणून ते गाडीत चढले आणि खिडकीतून ती पिते की नाही ते बघत राहिले. गाडी हलली. तिने ती उभ्याउभ्या संपवली.